खर्जाचा स्वर आणि नऊ व्होल्ट

प्रस्तावना

एखाद्या गाण्यातून बेस गिटारचा आवाज काढून टाकला, तर नेमके काय गेले हे पुष्कळ श्रोत्यांना सांगता येत नाही. गाणे पोकळ झाले, एवढे मात्र सर्वांना जाणवते. खर्जातला हा स्वर तालाला आणि सुरावटीला एकत्र बांधून ठेवतो. बेस गिटारचे 'निष्क्रिय' आणि 'सक्रिय' असे दोन प्रकार आहेत. बॅटरीवर चालणारा एक छोटासा परिपथ बसवून निष्क्रिय बेस गिटार सक्रिय करता येते. हा बदल कसा होतो, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• तारेच्या कंपनाचे विद्युत संदेशात रूपांतर कसे होते ते सांगता येईल;
• निष्क्रिय आणि सक्रिय परिपथांतील फरक स्पष्ट करता येईल;
• वाद्यात बदल करण्यापूर्वी कोणता विचार करावा ते सांगता येईल;
• तांत्रिक विषयावरील मजकूर क्रमाने समजून घेता येईल.

मूळ पाठ

१. वाद्याचा जन्म

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस हे वाद्य करीत असे. माणसाच्या उंचीहून मोठे असलेले हे वाद्य प्रवासात नेणे जिकिरीचे होते. शिवाय ढोल आणि पितळी वाद्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. पुढे ते विजेवर चालणारी वाद्ये बनवू लागले. १९५१ मध्ये त्यांनी 'प्रिसिजन बेस' हे वाद्य बाजारात आणले. ते खांद्याला अडकवता येत असे. त्याच्या मानेवर धातूचे पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागे, म्हणून 'अचूकता' या अर्थाचे नाव त्याला मिळाले. १९६० मध्ये त्यांच्याच कंपनीने दोन पिकअप असलेली 'जॅझ बेस' आणली.

आपल्याकडील तंबोऱ्याचा भोपळा तारेचा नाद वाढवतो. या गिटारचे शरीर मात्र भरीव लाकडाचे असते. तार छेडली तर तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकालाही नीट पोहोचत नाही. भोपळ्याचे काम येथे विजेने करावयाचे असते. म्हणून या वाद्यात तारेइतकेच महत्त्व तिच्यापुढच्या विजेच्या वाटेलाही आहे.

२. तारेपासून अॅम्प्लिफायरपर्यंत

बेस गिटारच्या तारा पोलाद, निकेल अशा चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या धातूंच्या असतात. तारांखाली पिकअप बसवलेला असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे, अशी त्याची रचना असते. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि त्या बदलामुळे वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता ४१ हर्ट्झ असते. पुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या असतात. या मूळ स्वरांसोबत त्यांच्या पटीतील अनेक उपस्वरही निघतात. आवाजाला धार आणि स्पष्टता येते ती या उपस्वरांमुळे.

पिकअपमधून निघालेला संदेश दुबळा असतो. त्याला आवाजाचे बटण, स्वरगुणाचे बटण आणि लांब केबल ओलांडून अॅम्प्लिफायरपर्यंत जावे लागते. निष्क्रिय बेस गिटारमध्ये या वाटेवर बाहेरून कोणतीही शक्ती मिळत नाही.

३. निष्क्रिय म्हणजे निकामी नव्हे

'निष्क्रिय' हा शब्द मराठीत दोष सुचवतो. विद्युतशास्त्रात मात्र त्याचा अर्थ इतकाच, की हा परिपथ संदेशात स्वतःची शक्ती मिसळत नाही. तो संदेश कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. स्वरगुणाचे बटण उलट दिशेला फिरवले की एक धारित्र उंच वारंवारतांना जमिनीकडे, म्हणजे परिपथाच्या शून्य दाबाच्या बाजूकडे, वळवते. आवाज मऊ होतो, कारण त्यातली धार गाळली गेलेली असते. गाळणीतून चहा गाळता येतो, पण गाळणीने चहात साखर घालता येत नाही. निष्क्रिय परिपथाचेही तसेच आहे.

या परिपथाचा दुसरा गुणधर्म केबलशी निगडित आहे. केबलमध्ये स्वतःची धारिता असते. ती मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर सहा मीटरच्या केबलची धारिता ६०० पिकोफॅरड होते. पिकअपचा संरोध जास्त असल्यामुळे एवढ्याशा धारितेचाही त्याच्यावर परिणाम होतो. केबल जितकी लांब, तितकी उंच स्वरांची धार कमी. आवाजाचे बटण अर्धे खाली केले, तरी काही धार जाते. मंचावर लांब केबल वापरणाऱ्या वादकाला घरातला आवाज मंचावर का सापडत नाही, याचे एक कारण येथे आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) तंबोऱ्याच्या भोपळ्याचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
(आ) निष्क्रिय परिपथाला गाळणीची उपमा का दिली आहे?

४. सक्रिय परिपथ काय करतो?

सक्रिय बेस गिटारमध्ये पिकअप आणि केबल यांच्यामध्ये प्रीअॅम्प, म्हणजे पूर्वविवर्धक, बसवलेला असतो. तो बहुधा नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो. त्याची दोन कामे आहेत. पहिले काम रक्षणाचे. तो पिकअपकडून संदेश घेताना त्याच्यावर फारसा भार टाकत नाही आणि पुढे पाठवताना तो कमी संरोधाने पाठवतो. त्यामुळे केबल तीन मीटरची असो वा दहा मीटरची, स्वराची धार जवळजवळ तशीच राहते. दुसरे काम घडवण्याचे. खर्ज, मध्य आणि उंच अशा वेगवेगळ्या पट्ट्यांतील स्वर त्याला कमी करता येतात, तसेच वाढवताही येतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. 'सक्रिय पिकअप' आणि 'सक्रिय परिपथ' या दोन वेगळ्या बाबी आहेत. सक्रिय पिकअपच्या डबीतच विवर्धक बसवलेला असतो. बहुतेक वादक मात्र आपला जुना निष्क्रिय पिकअप कायम ठेवून त्याच्यापुढे प्रीअॅम्प जोडतात. या पाठात विचार केला आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

वाद्याच्या पोटातच विवर्धक बसवण्याची कल्पना कॅलिफोर्नियातील अलेंबिक या संस्थेने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी प्रत्यक्षात आणली. रॉन विकरशॅम हे त्यामागील अभियंते होते. ही वाद्ये उंची आणि महाग होती. १९७६ मध्ये म्युझिक मॅन या कंपनीची 'स्टिंगरे' बाजारात आली आणि मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या वाद्यातही बॅटरी आली. या कंपनीशीही लिओ फेंडर यांचा संबंध होता. ज्यांनी निष्क्रिय बेस गिटार घरोघरी पोहोचवली, त्यांचाच सक्रिय वाद्याच्या प्रसारातही असा वाटा होता.

तयार वाद्यात नंतर बदल करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्कस मिलर यांचे आहे. त्यांच्याकडे १९७७ साली बनलेली फेंडर जॅझ बेस होती. न्यूयॉर्कमधील कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी तिच्यात प्रीअॅम्प बसवला. अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने ओढून वाजवण्याच्या मिलर यांच्या शैलीला खोल खर्ज आणि लखलखीत धार ही दोन्ही एकाच वेळी हवी होती. त्या वाद्याचा आवाज पुढे अनेक वादकांसाठी आदर्श ठरला.

याच्या उलट उदाहरण जेम्स जेमर्सन यांचे. डेट्रॉईट शहरातील मोटाऊन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांनी बेस वाजवला. १९६२ ची निष्क्रिय प्रिसिजन बेस आणि गुळगुळीत वेढ्यांच्या तारा, एवढीच त्यांची सामग्री होती. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी बेसवादनाचे शिक्षण आजही त्यांच्या वादनाचा अभ्यास केल्याशिवाय पूर्ण मानले जात नाही. निष्क्रिय वाद्य कमी प्रतीचे आणि सक्रिय वाद्य वरच्या प्रतीचे, अशी उतरंड लावता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

५. बदलापूर्वीचा विचार

आवाज आवडत नाही म्हणून लगेच प्रीअॅम्प विकत घेणे शहाणपणाचे नव्हे. आधी उणीव कोठे आहे ते शोधावे. तारा जुन्या होऊन मळल्या असतील, तर त्यांतून उपस्वर निघतच नाहीत. जे तारेत नाही, ते प्रीअॅम्प वाढवणार कोठून? तो उंच पट्टी वाढवील, पण त्याबरोबर खरखर वाढेल. तंबोऱ्याची जवारी बिघडली असेल, तर ध्वनिवर्धकाचे बटण फिरवून ती लागत नाही. तसेच हे आहे. तारा बदलणे, पिकअपची तारांपासूनची उंची जुळवणे, बटणांतील धूळ साफ करणे आणि दुसरी चांगली केबल लावून पाहणे, एवढे उपाय आधी करावेत. त्यांना खर्च कमी येतो आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

दुसरा विचार गुणगुणीचा. भारतात घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ती बेस गिटारच्या पहिल्या दोन तारांच्या, म्हणजे ४१ आणि ५५ हर्ट्झच्या, मधोमध येते. पिकअपने पकडलेली विजेची गुणगुण प्रीअॅम्पला वेगळी ओळखता येत नाही. खर्ज वाढवला की तीही वाढते. यासाठी परिपथाच्या खोबणीला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो परिपथाच्या जमिनीशी जोडतात.

तिसरा विचार लाकडाचा. नऊ व्होल्टची बॅटरी सुमारे ४८ मिलिमीटर लांब, २६ मिलिमीटर रुंद आणि १७ मिलिमीटर जाड असते. तिला खोबणीत जागा नसेल, तर लाकूड कोरावे लागते. वायर पुन्हा पूर्वीसारखी जोडता येते, पण कोरलेले लाकूड परत येत नाही. जुन्या वाद्याचे मोल त्याच्या मूळ स्थितीत असते. म्हणून अशा वाद्याला हात लावण्यापूर्वी, कोरीव कामाशिवाय मावेल असा लहान प्रीअॅम्प मिळतो का, हे पाहावे. वाद्याबाहेर जमिनीवर ठेवायचा प्रीअॅम्पही मिळतो. मात्र तो केबलच्या दुसऱ्या टोकाला असल्याने पहिल्या केबलचा परिणाम त्याला टाळता येत नाही.

६. प्रत्यक्ष बदल

काम पुढील क्रमाने होते.

• तारा सैल करून खोबणीचे झाकण उघडावे. मूळ जोडणीची आकृती काढावी किंवा छायाचित्र घ्यावे. जुने भाग पाकिटात घालून जपून ठेवावेत.
• पिकअपच्या वायर जुन्या बटणांपासून सोडवून प्रीअॅम्पच्या आकृतीप्रमाणे जोडाव्यात. डाख देताना सांधा पुरेसा तापवावा. भाग मात्र फार वेळ तापवू नये. या वेळी बॅटरी जोडलेली नसावी.
• तारांच्या घोडीकडून येणारी जमिनीची वायर तशीच ठेवावी. ती तोडली तर गुणगुण वाढते.
• दोन टोकांचा जुना जॅक काढून तीन टोकांचा स्टीरिओ जॅक बसवावा. बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या टोकाला जोडावी.
• बॅटरीची धन आणि ऋण टोके तपासूनच ती जोडावी. उलटी जोडल्यास परिपथ जळू शकतो.
• सर्व पट्ट्या मध्यावर ठेवून अॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी करावा आणि मग वाद्य तपासावे.

जॅकच्या बदलामागे एक सुंदर युक्ती आहे. केबलच्या साध्या प्लगचा धातूचा दांडा लांब असतो. प्लग आत घातला की तो दांडा जॅकचे मधले टोक आणि जमिनीचे टोक यांना जोडतो, बॅटरीचा मार्ग पूर्ण होतो आणि प्रीअॅम्प सुरू होतो. प्लग काढला की तो बंद पडतो. वेगळ्या बटणाची गरजच उरत नाही.

७. बॅटरीचा हिशेब आणि जास्तीचा मोह

नऊ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असते. प्रीअॅम्प अर्धा मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ती हिशेबाने १००० तास चालावी. रोज दोन तासांच्या सरावाला ती वर्षभर पुरते. पण प्लग वाद्यातच विसरला, तर ते १००० तास सहा आठवड्यांत संपतात. म्हणून वाजवून झाल्यावर प्लग काढणे, ही सक्रिय वाद्य बाळगणाऱ्याची पहिली सवय असावी लागते. बॅटरी संपत आली की आवाज फाटू लागतो आणि मग तो बंद पडतो. असे मंचावर घडू नये, यासाठी प्रीअॅम्प वगळून संदेश सरळ पुढे पाठवणारी एक कळ बसवून घेतात. ही कळ दाबली की वाद्य पुन्हा निष्क्रिय होते आणि गाणे थांबत नाही.

दुसरा हिशेब वाढीचा. एखादी पट्टी १२ डेसिबलने वाढवली, तर त्या पट्टीतील विद्युतदाब चौपट होतो आणि अॅम्प्लिफायरला सोळापट शक्ती लागते. जेथे १० वॅट पुरत होते, तेथे १६० वॅट हवेत. लहान स्पीकरला हा भार पेलत नाही. शिवाय, समजा, जोरात छेडलेल्या तारेचा संदेश दोन व्होल्टांच्या मर्यादेत चढउतार करीत असेल, तर चौपट झाल्यावर तो आठ व्होल्टांवर जातो. नऊ व्होल्टच्या परिपथात त्यापुढे जागाच उरत नाही. लाटेचे माथे कापले जातात आणि स्वर फाटतो. काही प्रीअॅम्प दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्टवर चालवतात, ते ही जागा वाढवण्यासाठी. जाणकार वादक बटणे थोडीच फिरवतात. अनेकदा खर्ज वाढवण्याऐवजी मध्य किंचित कमी केला, तरी खर्ज मोकळा होतो.

८. निवड वादकाची

सक्रिय परिपथ वादकाला नवा स्वर देत नाही. तारेने दिलेला स्वर तो वाटेत हरवू देत नाही आणि तो घडवण्याची सोय हाताशी आणून ठेवतो. त्या बदल्यात बॅटरीची काळजी, खरखरीची शक्यता आणि अधिक गुंतागुंतीची दुरुस्ती त्याला स्वीकारावी लागते. लांब केबल, मोठा मंच आणि एकाच कार्यक्रमात बदलणाऱ्या शैली असलेल्या वादकाला हा व्यवहार फायद्याचा ठरतो. एकाच मऊ, गोल स्वरावर जीव असलेल्या वादकाला त्याची गरज भासत नाही. आपल्याला कोणता स्वर ऐकायचा आहे, हे ज्याने आधी ठरवले, त्यालाच नऊ व्होल्टची ती छोटी बॅटरी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

पाठगत प्रश्न २
(अ) प्लग काढल्यावर प्रीअॅम्प बंद का पडतो?
(आ) १२ डेसिबल वाढीचा अॅम्प्लिफायरवर काय परिणाम होतो?

शब्दार्थ

खर्ज – खालच्या पट्टीतील गंभीर स्वर
परिपथ – विद्युतप्रवाहाचा जोडलेला मार्ग
संरोध – बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध
धारिता – विद्युतभार साठवण्याची क्षमता
डाख – धातूचे सांधे जोडण्यासाठी वितळवून लावलेला मिश्रधातू
जवारी – तारेचा नाद खुलावा म्हणून तंबोऱ्याच्या घोडीवर साधलेली बैठक

स्वाध्याय

१. 'निष्क्रिय म्हणजे निकामी नव्हे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. मार्कस मिलर आणि जेम्स जेमर्सन यांच्या उदाहरणांतून लेखात कोणता मुद्दा मांडला आहे?
३. वाद्यात बदल करण्यापूर्वी करावयाचे तीन विचार तुमच्या शब्दांत लिहा.
४. एका प्रीअॅम्पला दोन मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याला किती तास पुरेल?
५. तुमच्या परिसरातील एखाद्या वाद्याची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला भेटा. त्याच्या कामाचा क्रम दहा-बारा ओळींत लिहा.